मोजे घालण्यापासून



गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात बाप-लेकीचे बोलणे पंधरा दिवस बंद होते. माझी धाकटी मुलगी बी.कॉम. झालेली. कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळली, विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचली आणि मग एका खासगी कंपनीत हिशेबाच्या कामाला लागली. पगार वेळेवर, शनिवार-रविवार सुट्टी. आम्ही निर्धास्त झालो होतो. आणि एके रात्री जेवताना ती म्हणाली, "अब्बा, मी नोकरी सोडतेय. पतियाळाला जाऊन कोचिंगचा डिप्लोमा करायचाय मला."

मी तिला तासभर समजावले. म्हटले, खेळाडू खेळतो आहे तोवर टाळ्या असतात, कोचला कोण विचारतो? शाळा करारावर ठेवणार, सुट्टी लागली की पगार बंद, जूनमध्ये पुन्हा अर्ज घेऊन उभे राहा. शिबिर असले तर चार पैसे, नसले तर घरी बसा. तिने सगळे मुकाट्याने ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्ही कविता लिहायला लागलात, तेव्हा दादाअब्बांनी पगार विचारला होता का?"

विचारला होता. रोज विचारत. पण ते मी तिला सांगितले नाही. ताटावरून उठलो आणि अबोला सुरू झाला.

बोलणे बंद झाले की माझ्यासारखा माणूस वाचू लागतो. एका मित्राने एक पुस्तक हातात ठेवले. लेखक करीम अब्दुल-जब्बार. माझ्या पिढीला हा माणूस बास्केटबॉलमुळे माहीत नव्हता. 'गेम ऑफ डेथ' या सिनेमात ब्रूस लीशी मारामारी करणारा सात फुटांहून उंच, काळा चष्मा लावलेला माणूस आठवतो? तोच हा. अमेरिकेचा फार मोठा खेळाडू. त्याने २०१७ साली आपल्या कॉलेजातल्या कोचवर एक अख्खे पुस्तक लिहिले. कोचचे नाव जॉन वूडन. मी ते पुस्तक मुलीच्या विरोधात पुरावा मिळेल म्हणून उघडले, हे आधीच कबूल करतो.

बास्केटबॉल हा खेळ एका मास्तराच्या डोक्यातून निघाला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. बाहेर बर्फ, मुले आत कोंडलेली. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि खेळ सुरू केला. तो वायएमसीएच्या आणि मिशनच्या लोकांबरोबर जगभर गेला, आपल्याकडेही आला. मुंबईत नागपाड्याच्या गल्ल्यांत तो इतका रुजला की तिथल्या अब्बास मुन्तसिर यांनी भारताचे कर्णधारपद भूषवले आणि १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळवला. आपल्या पुण्याच्या शिरीन लिमये यांनीही भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले.

या नेस्मिथसाहेबांची एक गोष्ट सांगतात. कॅन्सस विद्यापीठात त्यांच्या हाताखाली खेळलेला फॉग ॲलन नावाचा तरुण कोच व्हायला निघाला, तेव्हा साहेब त्याला म्हणाले, की अरे, हा खेळ खेळायचा असतो, शिकवायचा नसतो! म्हणजे ज्याने खेळ शोधला, त्यानेच आपल्या विद्यार्थ्याला सांगितले की यात काही करिअर नाही. मला हे वाचून फार बरे वाटले. पण ॲलन पुढे जवळजवळ चाळीस वर्षे कॅन्ससचा कोच राहिला आणि मोठा झाला. आणि नेस्मिथ? त्याच विद्यापीठात ते स्वतः कोच होते, तेव्हा त्यांच्या संघाने जिंकले त्यापेक्षा जास्त सामने गमावले. माझा पहिला पुरावा असा माझ्यावरच उलटला.

आता वूडन. जन्म १९१० चा, इंडियाना राज्यातल्या शेतकऱ्याच्या घरचा. पर्ड्यू विद्यापीठातून खेळला, देशातल्या उत्तम कॉलेज खेळाडूंत तीन वर्षे त्याची निवड झाली. पण पदवी घेतली इंग्रजीत. कवितेची आवड अशी, की म्हातारपणीही कविता तोंडपाठ म्हणायचा, स्वतःही लिहायचा. १९३२ साली लग्न ठरले आणि लग्नाच्या तोंडावर बँक बुडाली. साठवलेले नऊशेच्या वर डॉलर गेले. उसने पैसे घेऊन लग्न केले आणि केंटकी राज्यातल्या एका हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर आणि कोच म्हणून तो रुजू झाला. पहिल्याच हंगामात जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले जास्त. मग आणखी एक हायस्कूल, महायुद्धात नौदल, त्यानंतर एक लहानसे अध्यापक महाविद्यालय. आणि १९४८ साली लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ, ज्याला सगळे यूसीएलए म्हणतात.

तिथेही तो अपघातानेच गेला. त्याला खरे तर घराजवळचे मिनेसोटा विद्यापीठ हवे होते. ठरल्या वेळी तिकडचा फोन यायचा होता, पण बर्फाच्या वादळात तारा तुटल्या. दरम्यान यूसीएलएचा फोन आला, त्याने हो म्हटले. थोड्या वेळाने मिनेसोटाचा फोन लागला, पण तोवर शब्द दिला होता. यूसीएलएमध्ये सराव कुठे, तर एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. त्याच हॉलमध्ये एकीकडे कुस्तीगीर, एकीकडे जिम्नॅस्ट. जमिनीवर सगळी धूळ. सराव सुरू होण्याआधी हा कोच स्वतः फरशी पुसायचा. राष्ट्रीय विजेतेपद पहिल्यांदा मिळाले १९६४ साली, म्हणजे सोळाव्या हंगामात. ते धरून मात्र बारा वर्षांत दहा विजेतेपदे, त्यातली सात लागोपाठ. मध्ये सलग ८८ सामने हार नाही.

हा माणूस हंगामाच्या पहिल्या दिवशी काय शिकवत असे? मोजे घालायला. अमेरिकाभरातून निवडून आणलेली, सहा-सात फुटी मुले बाकावर बसवायचा आणि मोजा कसा चढवायचा, टाचेपाशी आणि बोटांपाशी सुरकुती कशी काढायची, मग बुटाची लेस कशी बांधायची, हे दाखवायचा. कारण साधे होते. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. १९७४-७५ च्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञ त्याच्या सरावाला वही घेऊन बसले. तो बोलतो ते एकेक वाक्य त्यांनी नोंदले, दोन हजार तीनशेच्या वर. त्यातली सुमारे पाऊणशे टक्के वाक्ये फक्त काय करायचे आणि कसे करायचे, एवढेच सांगणारी निघाली. शाबासकी शंभरात सात, रागावणेही तेवढेच. आणि 'जिंका' हा शब्द तो मुलांपुढे जवळजवळ काढतच नसे. आपल्याकडून होईल तितके चांगले केले, याचे मनातल्या मनात जे समाधान असते त्यालाच यश म्हणावे, ही त्याची व्याख्या. ती त्याने हायस्कुलात मास्तर असताना तयार केली होती.

इथवर वाचले आणि मी अस्वस्थ झालो. कारण मोजे घालायला शिकवणारा एक माणूस मीही पाहिला होता. आमचे सर मात्र मोज्यांऐवजी नखांपासून सुरुवात करायचे.

मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पुण्यातल्या एका कॉलेजात बी.ए. करत होतो. कॉलेजमागे सिमेंटचे कोर्ट होते, एका रिंगला जाळी, दुसरीला नाही. सर दिवसा एका कचेरीत कारकून होते. एके काळी विद्यापीठाच्या संघातून खेळलेले. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांची सायकल फाटकातून आत यायची. मानधन किती होते कुणास ठाऊक, चेंडूत हवा भरायचा पंप मात्र त्यांचा स्वतःचा असे. शर्टाच्या खिशात नेलकटर. प्रत्येकाचा हात हातात घेऊन बघायचे. पास देताना समोरच्याच्या बोटाला लागते म्हणून. पहिला आठवडा चेंडू दिलाच नाही. पळा, थांबा, एका पायावर वळा. मी बारावा खेळाडू होतो, म्हणजे बहुतेक वेळ बाकावर. पण माझ्या हाताकडे ते पहिल्या पाचातल्या मुलाइतकेच बारकाईने बघत.

आता वूडनच्या त्या लहान महाविद्यालयातली गोष्ट सांगतो, कारण ती वाचताना माझ्या हातातले पुस्तक खाली राहिले. साल १९४७. इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजचा संघ चांगला खेळला होता. कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. छोट्या कॉलेजच्या नव्या कोचला याहून मोठी संधी कोणती? पण त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती. वूडनच्या संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा होता. पहिल्या पाचातला नव्हता, राखीव होता. वूडनने निमंत्रण नाकारले. एका राखीव खेळाडूसाठी अख्खा संघ घरी बसला. पुढच्या वर्षी दबाव वाढला, आयोजकांनी नियम बदलला आणि १९४८ साली वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. कॅन्सस सिटीत संघाच्या हॉटेलात त्याला झोपायची मुभा मात्र नव्हती. तो दुसऱ्याच्या घरी राहिला. संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि हरला.

श्रोतेहो, आता जे सांगणार आहे ते मी छत्तीस वर्षे कुणाला सांगितलेले नाही.

१९८९ चा हिवाळा. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी आम्ही एका जिल्ह्याच्या गावी गेलो होतो. बारा मुले आणि सर. रात्री नऊला एसटीतून उतरलो. एका लॉजवर दोन खोल्या सांगून ठेवल्या होत्या. बाकीची मुले समोरच्या टपरीवर चहाला गेली, मी सरांबरोबर काउंटरपाशी थांबलो, कारण चेंडूंची पिशवी माझ्याकडे होती. सर वहीत एकेकाचे नाव लिहीत होते. शेवटचे नाव माझे. मॅनेजरने वही फिरवून बघितली, आत गेला, परत आला आणि हळूच म्हणाला, "या एका मुलाची सोय दुसरीकडे बघा. आमच्याकडे फॅमिली उतरतात."

सरांनी विचारले, "अकरांची सोय आहे?"

"हो, हो, अकरांची आहे."

सरांनी खिशातले पेन पुन्हा काढले. बाराही नावांवर पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ ओढली, आपल्या नावावरही. पिशवी माझ्या खांद्यावरून घेतली आणि बाहेर आले. मुलांना म्हणाले, "चला रे. खोल्यांत ढेकूण आहेत."

आम्ही एसटी स्टँडवर झोपलो. थंडी मरणाची होती. सर बाकावर बसून राहिले. सकाळी पहिल्याच सामन्यात आम्ही पंधरा गुणांनी हरलो आणि परत आलो. मुले चिडलेली. त्यातल्या एकाने कॉलेजात तक्रार केली, की सरांनी लॉजचे पैसे वाचवले आणि आम्हाला स्टँडवर झोपवले. सरांनी राहण्याच्या खर्चाची रक्कम दुसऱ्याच दिवशी परत भरली होती, पण बोलणारे बोलतच राहिले. सरांना बोलावून विचारले, तेव्हाही ते ढेकणांवरच ठाम राहिले. पुढच्या जूनमध्ये आमच्या कॉलेजात दुसरे कोच आले.

खरे काय घडले हे माहीत असलेली दोनच माणसे होती. एक सर. दुसरा मी. मी तोंड उघडले असते तर ती तक्रार जागच्या जागी मिटली असती. पण मग वर्गात, संघात सगळ्यांना कळले असते, की ती रात्र माझ्या नावामुळे स्टँडवर गेली. मला ते नको होते. कुणी माझी कीव केलेली नको होती, कुणी माझ्यामुळे हरलो म्हटलेले नको होते. मी गप्प बसलो. सरांनी मला झाकले आणि मी त्यांना उघड्यावर सोडले. शब्दांवर जगायचे ठरवलेला मुलगा मी, आणि जिथे चार वाक्ये पुरली असती तिथे एकही निघाले नाही.

करीमच्या पुस्तकात असाच एक प्रसंग आहे. तेव्हा त्याचे नाव ल्यू अल्सिंडर होते. वूडनबरोबर चालताना एका म्हाताऱ्या बाईने त्याच्या उंचीवर काही बोलताना त्याच्या वंशाला घाणेरडी शिवी हासडली, अगदी सहज, हवापाण्यावर बोलावे तशी. वूडन लाल झाला, थिजला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. इंग्रजीचा मास्तर, कविता पाठ असणारा माणूस! ती गोष्ट दोघांच्याही मनात राहिली. पुढे १९६८ साली त्या मुलाने इस्लाम स्वीकारला, १९७१ साली जाहीरपणे नाव बदलले. वूडन रोज बायबल वाचणारा श्रद्धाळू ख्रिस्ती. पण त्याने या मुलाचे ऐकून घेतले, मैत्री तोडली नाही. २०१० साली, शंभरीला चार महिने उरले असताना वूडन गेला. तोवर ती मैत्री टिकली. त्याने कधी चूक केली नाही म्हणून नव्हे. तो शेवटपर्यंत शिकत राहिला म्हणून, असे मला वाटते.

१९७५ साली दहावे विजेतेपद मिळवून वूडन निवृत्त झाला. त्याआधीच्या वर्षी संघ उपान्त्य फेरीत हरला होता. शेवटचा सामना जिंकून तो बाहेर पडतो आहे, तेवढ्यात विद्यापीठाचा एक पाठीराखा त्याला म्हणाला, की छान झाले, गेल्या वर्षीची भरपाई झाली! दहा विजेतेपदे देऊनही माणसे हिशेब मागतातच. मी मुलीला जो पगार विचारत होतो, तो याच जातीचा हिशेब होता. कोचचे खरे काम गुणफलकावर उमटत नाही, पगाराच्या कागदावरही उमटत नाही. अकरांची सोय होत असताना बाराव्यासाठी पेन कोण काढतो, त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. लॉजच्या त्या वहीत उलट खाडाखोड राहिली.

पुस्तक मिटले आणि सरांचा पत्ता शोधत निघालो. सापडले ते घरी नाही, मैदानावर. पंचाहत्तरी ओलांडलेले. सकाळी सात वाजता, महापालिकेच्या एका मैदानात, दहा-बारा वर्षांच्या मुलींना चेस्ट पास शिकवत होते. मी ओळख दिली. त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, हातांकडे बघितले. म्हणाले, "फ्री थ्रो मारताना तू गुडघे वाकवत नव्हतास. चेंडू नेहमी आखूड पडायचा."

मी त्यांना बाजूच्या कट्ट्यावर बसवले आणि सगळे बोलून टाकले. लॉज, वही, तक्रार, माझे गप्प बसणे. माफी मागितली. ते मुलींकडे बघत ऐकत होते. मधेच एकीला ओरडले, "कोपर आत!" मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, ढेकूण होतेच की तिथे."

घरी आलो. मुलगी ऑफिसला निघाली होती. तिला थांबवले आणि ही गोष्ट, आज तुम्हाला सांगितली तशी, दारातच सांगितली. त्या दिवशी तिला उशीर झाला. अर्जावर पालक म्हणून मीच सही केली. खरे तर तिला माझ्या सहीची गरज नव्हती.

पावसाळ्यात तिला पुणे स्टेशनवर झेलममध्ये बसवून दिले. अंबाल्याला उतरून पुढे पतियाळा. नोकरीचे पुढे काय, तो प्रश्न आजही तसाच आहे. तो सोपा झाला, असे मी तुम्हाला सांगणार नाही. करारावरच्या त्या नोकऱ्या, सुट्टीतला तो बंद पगार, सगळे खरे आहे, आणि ते बदलायला हवे. पण यात काय आहे, असे मी आता विचारत नाही.

गाडी सुटण्याआधी तिच्या आईने घाईघाईने तिच्या बॅगेत एक पुडके कोंबले. मला वाटले खाऊ असेल. मोजे होते. नवे, सहा जोड.